गालावरचा केस

सातिवलीला आमचं ऑफिस एका औद्योगिक वसाहतीत होतं, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात बाटल्यांची बुचं बनायची. तिथलं मशीन सुरू झालं की आमची टेबलं बारीक थरथरायची आणि वितळलेल्या प्लास्टिकचा वास जिन्याने वर यायचा. वर आम्ही दहा-बारा जण, खिडक्यांना काळा कागद चिकटवलेल्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर बसून एका मुलीचे केस करायचो.

हे काम नेमकं काय आहे ते मला घरी कधीच समजावता आलं नाही. आम्ही आचोळ्याला राहायचो. वडील मुंबईत सरकारी खात्यात कारकून होते आणि बी.कॉम. झाल्यावर मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं त्यांना वाटे. मी मात्र स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये ॲनिमेशन शिकले आणि ही नोकरी धरली. "दिवसभर करतेस तरी काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, "केस." आईने ते शेजारी सांगितलं, आणि रविवारी शेजारच्या काकू केसांना मेंदी लावून घ्यायला आमच्या दारात उभ्या. त्यांना वाटलं, मी पार्लरमध्ये लागले.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. परदेशातल्या मुलांसाठी एक मालिका बनत होती. तिचं काम अंधेरीतल्या एका मोठ्या कंपनीकडे यायचं आणि तिथून तुकड्यातुकड्यांनी आमच्यासारख्यांकडे. चेहरे एकीकडे व्हायचे, कपडे दुसरीकडे. आमच्याकडे ती मुलगी यायची ती टकलीच. आठेक वर्षांची, गोल चेहऱ्याची, समुद्रकाठच्या गावात राहणारी. तिला खांद्याखाली येणारे तपकिरी मोकळे केस द्यायचे, आणि समुद्राचं गाव असल्यामुळे त्यांत कायम वारा.

कॉम्प्युटरवर केस उगवणं सोपं असतं. डोक्यावर थोडे वाट दाखवणारे केस लावायचे, त्यांच्यामधले हजारो केस मशीन आपणच भरतं. खरा त्रास पुढे. पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, आणि केस त्या ठिपक्याहूनही बारीक. मग एका चित्रात मशीन म्हणतं, या ठिपक्यावर केस आहे. पुढच्या चित्रात म्हणतं, नाही. चित्रं भराभर पळायला लागली की डोकंभर काहीतरी वळवळतं आहे असं दिसतं. आम्ही त्याला मुंग्या म्हणायचो. "हिच्या केसांत मुंग्या आल्यात," असं कुणी म्हटलं की तो अख्खा तुकडा परत करायचा. एकेक चित्र शिजून बाहेर यायला मशीनला बराच वेळ लागायचा, म्हणजे कालचा दिवस पाण्यात.

मुंग्या मारण्यात आमच्या दादांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते आमचे मुख्य. वय छत्तीस-सदतीस. खाडीकाठच्या एका गावचे. त्या गावात घरटी एक तरी माणूस रांगोळीने हुबेहूब चेहरे काढणारा निघतो. दादांनी लहानपणापासून तेच केलं होतं. घरची भातशेती होती, ती भाऊ बघायचा. दादा आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग दुकानांच्या पाट्या, मग कॉम्प्युटर आला. बोलताना सगळ्यांसारखीच मुंबईची मराठी बोलायचे, पण फोनवर आई असली की 'पानी' आणि 'कोन' सुरू व्हायचं.

मी नवी होते तेव्हा त्यांनी माझं पहिलं काम बघून विचारलं होतं, "किती केस घातलेस?"

मी फुशारकीने आकडा सांगितला.

"निम्मे कर. उरलेले थोडे जाड कर आणि टोकाला विरू दे. माणूस केस मोजत नाही गो. केसांमधला काळोख बघतो."

मी तसं केलं आणि मुंग्या गेल्या. तेव्हापासून मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. ते फार बोलायचे नाहीत. मागे उभे राहायचे, हाताची घडी घालून, आणि दोनदा-तीनदा तुकडा चालवून बघितल्यावर पेन्सिलीचं टोक पडद्याजवळ नेऊन म्हणायचे, "इथे." तिथे चूक असायचीच. दीड वर्षात त्यांचं 'इथे' मी एकदाही चुकलेलं पाहिलं नव्हतं. म्हणूनच पुढचं सगळं इतकं लांबलं.

ती मुलगी धक्क्यावर उभी राहून समुद्राकडे बघते आणि मान वळवते, असा एक तुकडा होता. मी तो दादांना दाखवला.

"उजव्या गालावर बघ," ते म्हणाले. "एक केस सुटलाय. नाकाच्या बाजूने खाली आलाय."

मला दिसेना. "कुठल्या चित्रात, दादा?"

"सगळ्याच."

मी चित्र मोठं करून पाहिलं. गाल स्वच्छ. दादांनी पेन्सिल पुढे केली. "हा काय. सरकला बघ आता."

मला वाटलं, माझी नजर अजून तयार नाही. मी कानामागच्या केसांचा एक झुपका काढून टाकला, पुन्हा सगळं शिजायला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दादांनी पाहिलं आणि मान हलवली. "आहे तसाच."

मी कपाळावरचे काढले. तरी आहे. वाऱ्याचा जोर कमी केला. तरी आहे. बाकीचे हसायला लागले होते. "दादांना भुताचा केस दिसतोय," असं एक जण चहाच्या वेळी म्हणाला, दादा ऐकत असताना. ते हसले नाहीत. ऑफिसचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते बोरिवलीहून यायचे. त्यांनी येऊन पाहिलं. "मला तर ठीक वाटतंय," ते म्हणाले. "अंधेरीवाल्यांनीही काही म्हटलं नाहीये. पुढे जाऊ या ना."

"मला दिसतोय ना," दादा म्हणाले. आवाज चढला होता. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. सर केबिनमध्ये परत गेले. दादांच्या नजरेवर त्यांचं ऑफिस चाललं होतं.

मग मॉनिटर पुसून झाला. मॉनिटर बदलून झाला. दादांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला, परत पुसला. अजून एका तुकड्यात त्यांना तसाच केस दिसला, त्यात तर मुलीने टोपी घातली होती.

शेवटी मला एक साधी गोष्ट सुचली. केस कुठून येतो ते कळत नसेल तर सगळेच काढून बघावेत आणि एकेक झुपका परत लावत जावं. मी त्या धक्क्यावरच्या तुकड्यातलं एकच चित्र घेतलं, डोकं पूर्ण रिकामं केलं आणि दादांना हाक मारली. पुढचं मी समजावून सांगणार होते, पण ते आले तसे वाकून बघायला लागले. त्यांची नजर थेट गालावर. डोकं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"अजून आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, हिला केसच नाहीयेत. मी सगळे काढलेत."

त्यांनी नजर वर नेली. त्या टकल्या डोक्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग सरळ उभे राहिले आणि भिंतीकडे वळले. भिंत पिवळट रंगाची होती, तिच्यावर काहीच नव्हतं. त्यांनी डोळे डावीकडे नेले, उजवीकडे नेले, वर, खाली. काहीतरी उडतंय आणि ते त्याच्या मागे बघतायत, असं वाटत होतं.

"भिंतीवर पण आहे," ते हळूच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "दोन आहेत."

खाली बुचांचं मशीन चालू होतं. मी म्हटलं, "डोळ्यात काही गेलं असेल. पाण्याने धुऊन या."

ते गेले. आले तेव्हा शर्टाची कॉलर भिजली होती. खुर्चीत बसून म्हणाले, "घरी सांगू नकोस कुणाला. मी सांगेन."

डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मी गेले. डोळ्यात औषध घातल्यावर काही तास धूसर दिसतं, त्यांना स्कूटर चालवता आली नसती, आणि बायकोला तर त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. वसईतच स्टेशनच्या बाजूला एक वयस्कर डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी यंत्राला दादांची हनुवटी टेकवून घेतली आणि इतका वेळ बघत राहिले की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावायला लागले.

"साखर कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"असेल. बरीच वर्षं." दादांनी असं सांगितलं, जणू कुणी त्यांना त्यांचं गाव विचारलं होतं. मग म्हणाले, "आमच्यात असतेच. वडिलांचा पाय त्यानेच गेला."

"गोळ्या?"

"आठवण झाली की घेतो."

डॉक्टर मागे टेकले. "हे केस नाहीत. रक्त आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर नाजूक शिरा वाढल्यात, त्या फुटतायत. त्यातून जे झिरपतं ते तुम्हाला काळ्या दोऱ्यासारखं दिसतं. कधीपासून दिसतंय?"

दादांनी माझ्याकडे मान वळवली. बाहुल्या औषधाने मोठ्या झालेल्या, त्यांना मी नीट दिसतही नसेन. मी सांगितलं, "गणपतीच्या आधीपासून."

"आणि आता दिवाळी येईल!" डॉक्टर चिडले. "इतके दिवस करत काय होतात?"

"केस काढत होतो," दादा म्हणाले.

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी खाली फरशीकडे बघत राहिले. सगळा पितृपक्ष, सगळं नवरात्र आम्ही दोघं त्या मुलीच्या गालावर शोधत होतो.

दोन्ही डोळे बिघडले होते, डावा जास्त. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जाऊन लेझर करून घ्या, असं लिहून मिळालं. रिक्षात दादांनी रुमाल डोळ्यांवर धरला होता, ऊन सहन होत नव्हतं. सातिवली फाट्यापाशी म्हणाले, "ही कॉम्प्युटरने झालं म्हणेल." ही म्हणजे वहिनी. "डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस ना? साखरेने झालंय. सांगशील तिला?"

मी हो म्हटलं.

सर तसे वाईट माणूस नव्हते. दादांनी सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच सुट्टी दिली, आणि लेझरच्या प्रत्येक फेरीला देत राहिले. पण लेझरने गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचावं म्हणून ते करतात. ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दादा फेऱ्या करून यायचे आणि आम्ही विचारायचो, "आता बरंय ना?" त्यांना आता बाजूचं कमी दिसायला लागलं होतं. टेबलांचे कोपरे मांडीला लागायचे. जिन्यावर कठडा धरायला लागले. मागे येऊन उभं राहणं त्यांनी सोडलं. स्वतःची खुर्ची माझ्या शेजारी ओढून घ्यायचे, पडद्याला नाक लागेल इतकं जवळ यायचे आणि मग मला विचारायचे, "मुंग्या आहेत?"

"नाहीत."

"टोकाला?"

"नाहीत, दादा."

"नक्की?"

मी नक्की म्हणायचे. पण मला नक्की कुठे ठाऊक होतं? आजवर नक्की त्यांनीच म्हटलं होतं. हळूहळू इतर जण त्यांचे तुकडे दादांना न दाखवता माझ्याकडे आणायला लागले. दादा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. तुकडा दाखवणारा आवाज बारीक करून बोलायचा. त्यांना ऐकू येत नाही असं थोडंच होतं?

त्या वर्षी उन्हाळ्यात वसईत भारनियमन फार होतं. दिवसातून कितीदा तरी लाईट जायची. बॅटऱ्या टीं-टीं करायला लागायच्या, आम्ही घाईघाईने मशीनं बंद करायचो आणि अंधारात घाम पुसत बसायचो. खिडक्यांना काळा कागद, त्यामुळे दिवसाढवळ्याही आत काळोख. असंच एकदा, सकाळी अकराच्या सुमाराला लाईट गेली. कुणीतरी लाईट खात्याच्या नावाने शिव्या घातल्या. दादा त्यांच्या खुर्चीत होते. थोड्या वेळाने लाईट आली, पंखे फिरायला लागले, ट्यूबलाईट फडफडून पेटल्या, मशीनं परत सुरू झाली.

दादांनी विचारलं, "लाईट आली का?"

सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

"पंख्याचा वारा लागतोय," दादा म्हणाले. "आली ना?"

मी उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांचे डोळे उघडे होते. वरच्या ट्यूबचा उजेड त्यांच्यात दिसत होता. मी म्हटलं, "हो दादा. आली."

"बरं," ते म्हणाले. टेबलावर हात फिरवून त्यांनी चष्मा शोधला. तो नाकावरच होता. हात तिथे पोचला तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि ते रडायला लागले. मोठ्याने, लहान मूल रडतं तसे. सर आपल्या केबिनमधून धावत आले. आमच्यातल्या दोघांनी दादांना जिन्यावरून खाली नेलं. बुचांच्या गाळ्यातल्या बायका काम सोडून दारात येऊन बघत होत्या. रिक्षात बसताना त्यांचं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. तो आवाज मला अजून आठवतो.

जो डोळा बरा होता तोच आतून रक्ताने भरला होता. मुंबईला ऑपरेशन झालं. महिनाभर त्यांना पालथं झोपायला सांगितलं होतं. नंतर त्या डोळ्याला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. डाव्याचं आधीच गेलं होतं.

त्यांच्या खुर्चीत सरांनी मला बसवलं. कामाला कुणीतरी बघणारं लागणारच होतं. मी बसले आणि मालिकेचे उरलेले भाग पुरे केले. धक्क्यावरचा तो तुकडा होता तसाच गेला, कुणाला काही खटकलं नाही.

पावसाळा संपल्यावर अंधेरीहून मालिकेच्या पहिल्या भागांची सीडी आली. दादांनी फोन करून सांगितलं, "घेऊन ये. मला दाखव." दाखव असंच म्हणाले.

त्यांच्या गावी मी पहिल्यांदाच गेले. घर पक्कं, पुढे अंगण, मागे भाताची खाचरं थेट खाडीपर्यंत. पडवीत त्यांचे वडील खाटेवर बसले होते, एका पायाचा लेंगा गुडघ्याखाली दुमडून खोचलेला. आईने तांब्या पुढे केला. "पानी घे बाय." मग माझ्यासमोरच, मुलगा आत ऐकतोय याची पर्वा न करता म्हणाली, "बापाचा पाय नेला, पोराचं डोलं नेलं. आनखी काय काय द्यायचा या साखरेला?"

वहिनी आतून आल्या. त्या गावातल्याच बालवाडीत शिकवायच्या. मी दादांना दिलेला शब्द आठवून डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मला ठाऊक आहे साखर. मी काय अडाणी नाही. पण डोळ्यासमोर केस दिसायला लागल्यावर माणूस डॉक्टरकडे जातो. ह्यांना तुमच्या ऑफिसात बसून ते कार्टूनचे वाटले. दुसरं कुठलं काम असतं तर पहिल्याच दिवशी गेले असते."

त्यांचं खरंच होतं.

दादा टीव्हीच्या अगदी जवळ, जमिनीवर बसले होते. बारीक झाले होते, दाढी वाढलेली. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी दारापाशी उभी होती. त्यांनी हात पुढे करून "ये" म्हटलं तेव्हा ती आली, पण हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर बसली. मी सीडी लावली. गाणं वाजलं, समुद्र आला, ती मुलगी आली.

"सांग," दादा म्हणाले.

"धक्क्यावर उभी आहे. वारा सुटलाय."

"मुंग्या?"

"नाहीत."

"सुटे केस दिसतात का? कडेचे? मागून उजेड आहे ना तिथे, सोनेरी दिसायला हवेत."

मी टीव्हीकडे बघत होते. घरातला जुना, लहान टीव्ही. सीडीत मावावं म्हणून चित्र इतकं दाबलेलं होतं की बारीक असं काहीच उरलं नव्हतं. त्या मुलीच्या डोक्यावर एक तपकिरी गोळा हलत होता. ज्या केसांसाठी आम्ही दिवसचे दिवस घातले ते सुटे, सोनेरी, विरत जाणारे केस तिथे नव्हतेच. मुंग्या राहिल्या असत्या तरी त्या पडद्यावर दिसल्या नसत्या.

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात त्यांची मुलगी म्हणाली, "हिने टोपी घातलीय."

"टोपी नाही गं, केस आहेत ते," दादा म्हणाले.

"नाही बाबा. टोपीच आहे."

दादांनी माझ्या दिशेने तोंड केलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण मुलगी समोर होती, वहिनी दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "सीडीवर नीट येत नाही, दादा. बारीक बारीक सगळं जातं. तिकडे टीव्हीवर असेल चांगलं."

त्यांनी मान हलवली. पुढचा भाग लागला, तोही त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. माणसं इंग्रजीत बोलत होती, ते त्यांना फारसं कळत नव्हतं. मी निघाले तेव्हा ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "टोकं विरवलीस ना तू? मग बस झालं."

नंतर मी आणखी दोनदा गेले. तिसऱ्यांदा जायचं राहिलं. अंधेरीच्या कंपनीचं काम दुसऱ्या कुठल्याशा शहरात गेलं, सातिवलीचं ऑफिस बंद झालं, आणि मी वडील म्हणत होते ती परीक्षा देऊन सहकारी बँकेत लागले. लग्न होऊन विरारला मनवेलपाड्यात आले. दादांची बातमी ऑफिसातल्या जुन्या लोकांकडून कळायची. मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मग एका श्रावणात ते गेले. मला कळलं तोवर दहावाही होऊन गेला होता.

त्यालाही काही वर्षं झाली. एकदा बँकेच्या कामाने वसईला गेले होते, तर एका पॅथॉलॉजी लॅबच्या बाहेर वहिनी भेटल्या. केस पिकलेले, पण चालणं तसंच ताठ. बरोबर मुलगी होती, शाळेच्या गणवेशात, आईपेक्षा उंच झालेली. तिने मला ओळखलं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबून धरला होता.

"रक्त द्यायला आणली होती," वहिनी म्हणाल्या. आणि मी विचारायच्या आत म्हणाल्या, "हिलाही साखर निघाली. गेल्या वर्षी."

मी मुलीकडे पाहिलं. ती रस्त्यापलीकडे बघत होती.

"दर सहा महिन्यांनी डोळे तपासून आणते," वहिनी म्हणाल्या. "काही दिसो न दिसो. चिडते. मैत्रिणींसमोर डबा उघडायला लाज वाटते म्हणते. गोळ्या मी समोर उभी राहून घ्यायला लावते, जीभ उचलून दाखव म्हणते."

"आई, चल ना," मुलगी म्हणाली.

"चिडू दे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातावरचा कापूस उचलून बघितलं, रक्त थांबलं होतं. कापूस त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. मग दोघी रिक्षाच्या रांगेकडे गेल्या, मुलगी पुढे आणि आई तिच्या मागे.